मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांतील हालचालींच्या व संवेदनांच्या अडचणी

मेंदूचा पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी हा एकच एक रोग नसून, वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे उद्भवणाऱ्या कायमस्वरूपी विकारांचा गट आहे. ही इजा गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत होते. तिचा मुख्य परिणाम शरीराची हालचाल व ठेवण यांवर होतो. तथापि स्पर्श, अंगस्थितीचे भान, दृष्टी, श्रवण, समतोल आणि वेदना यांच्याशी संबंधित अडचणीही या मुलांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतात. हालचालींच्या अडचणी डोळ्यांना दिसतात. संवेदनांच्या अडचणी सहसा दिसत नाहीत. त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते आणि त्या पुष्कळदा हट्ट, आळस किंवा मंदबुद्धीच्या खाती जमा होतात. बालवयात येणाऱ्या शारीरिक अपंगत्वाचे हे जगभरातील सर्वांत सामान्य कारण मानले जाते. दर १,००० जिवंत जन्मांमागे साधारणतः दोन मुलांना हा विकार असतो. काही उच्च उत्पन्न गटातील देशांत हे प्रमाण अलीकडे याहून कमी झाले आहे.

नाव व व्याख्या

‘पक्षाघात’ या शब्दामुळे मराठीत प्रौढांना होणाऱ्या अर्धांगवायूचा बोध होतो. मुलांमधील विकार त्याहून वेगळा आहे. प्रौढाच्या बाबतीत आधी अवगत असलेली हालचाल नाहीशी होते, तर मुलाच्या बाबतीत ती हालचाल शिकण्याच्या वाटेवरच अडथळा येतो. पोलिओशीही या विकाराची गल्लत केली जाते. पोलिओत मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी नष्ट होतात, स्नायू लुळे पडतात आणि स्पर्शसंवेदना शाबूत राहते. मेंदूच्या पक्षाघातात दोष मेंदूत असतो, स्नायू बहुधा ताठर होतात आणि संवेदनाही बाधित होऊ शकतात.

मेंदूतील मूळ इजा कालांतराने वाढत नाही. म्हणून हा विकार ‘अवर्धिष्णू’ म्हटला जातो. तिचे शरीरावरील परिणाम मात्र मूल वाढते तसे बदलतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत हालचाल व ठेवण यांच्या जोडीने संवेदन, आकलन, संवाद, वर्तन, अपस्मार आणि अस्थिस्नायूंच्या दुय्यम समस्या यांचाही स्पष्ट उल्लेख करण्यात आला. केवळ ‘हातापायांचा विकार’ म्हणून पाहण्याची जुनी दृष्टी त्यामुळे मागे पडली.

इतिहास

इंग्लंडमधील अस्थिशल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्रविषयक संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात, अवघड किंवा अकाली प्रसूतीनंतर मुलांच्या अवयवांत येणाऱ्या ताठरपणाचे वर्णन केले. त्यामुळे हा विकार बराच काळ ‘लिटलचा रोग’ म्हणून ओळखला जात होता. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे मनोविश्लेषणाचे जनक म्हणून विख्यात झालेले सिग्मंड फ्रॉइड हे त्या काळी मज्जासंस्थेचे अभ्यासक होते. १८९७ सालच्या ग्रंथात त्यांनी असे सुचवले की, अवघड प्रसूती हे नेहमीच विकाराचे कारण नसून, गर्भावस्थेत आधीच घडलेल्या बिघाडाचे ते लक्षण असू शकते. हा विचार जवळपास शतकभर दुर्लक्षित राहिला. नंतरच्या संशोधनाने त्याला बळकटी दिली.

मेंदूतील इजेचे स्वरूप

इजा मेंदूच्या कोणत्या भागाला आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर झाली, यावर हालचालींच्या व संवेदनांच्या अडचणींचे स्वरूप अवलंबून असते.

• अकाली जन्मलेल्या बालकांत मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेच्या श्वेतद्रव्याला इजा होण्याचा धोका अधिक असतो. पायांकडे जाणारे चेतातंतू या पोकळ्यांच्या अगदी जवळून जातात. म्हणून अशा मुलांत हातांपेक्षा पाय अधिक बाधित होतात. दृष्टीचे संदेश वाहणारे तंतूही याच परिसरातून जात असल्याने पायांचा ताठरपणा व दृष्टिदोष पुष्कळदा एकत्र आढळतात.
• पूर्ण दिवस भरलेल्या बालकाला प्रसूतीच्या वेळी प्राणवायूचा तीव्र अभाव झाल्यास मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांना इजा होते. त्यातून अनैच्छिक हालचालींचा प्रकार उद्भवू शकतो.
• नवजात बालकाची तीव्र कावीळ वेळीच आटोक्यात न आल्यास पित्तरंजक मेंदूत साठते. त्यामुळे अनैच्छिक हालचाली, श्रवणदोष आणि डोळे वर वळवण्यातील अडचण असे त्रिकूट निर्माण होते.
• गर्भावस्थेत किंवा जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूची रक्तवाहिनी अवरुद्ध झाल्यास शरीराची विरुद्ध बाजू बाधित होते.

याशिवाय गर्भावस्थेतील संसर्ग, मेंदूची सदोष घडण, जनुकीय दोष, मेंदूज्वर आणि डोक्याला झालेली दुखापत हीही कारणे आहेत. अनेक मुलांच्या बाबतीत एकच निश्चित कारण सापडत नाही.

हालचालींच्या अडचणी

प्रकार

ताठर प्रकार सर्वाधिक आढळतो. सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक मुले या गटात येतात. यात स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो अधिक विरोध करतो. दोन्ही पाय बाधित असलेले मूल चवड्यांवर चालते, गुडघे एकमेकांवर घासतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदतात. एक बाजू बाधित असल्यास कोपर दुमडलेले, मूठ आवळलेली व अंगठा तळव्यात मुडपलेला दिसतो. चारही अवयव बाधित असल्यास मान व धड सावरणेही कठीण जाते.

अनैच्छिक हालचालींच्या प्रकारात स्नायूंचा ताण सतत बदलतो. हात-पाय पिळवटल्यासारखे वळतात, चेहऱ्यावर आपोआप हावभाव उमटतात. मुलाने एखादी गोष्ट करण्याचा प्रयत्न केला, त्याला आनंद झाला किंवा भीती वाटली की या हालचाली वाढतात. झोपेत त्या शमतात. बोलण्याचे स्नायू बाधित झाल्याने उच्चार अस्पष्ट होतात. यामुळे समज चांगली असलेल्या मुलांनाही मतिमंद समजले जाण्याचा धोका या प्रकारात अधिक असतो.

असमन्वयी प्रकार तुलनेने विरळ आहे. यात तोल व अचूकता बाधित होते, मूल पाय फाकवून चालते आणि वस्तूकडे नेलेला हात थरथरतो. अनेक मुलांत एकाहून अधिक प्रकारांची लक्षणे मिसळलेली असतात.

बाहेरून दिसणारा ताठरपणा हा अडचणीचा केवळ एक भाग आहे. त्यामागे स्नायूंची दुर्बलता, एकेक बोट किंवा सांधा स्वतंत्रपणे हलवता न येणे, हालचालींचा क्रम आखता न येणे आणि लवकर येणारा थकवा हेही असते. एक बाजू बाधित असलेल्या काही मुलांत एका हाताची हालचाल करताना दुसरा हातही नकळत तीच हालचाल करतो. त्यामुळे एका हाताने बरणी धरून दुसऱ्याने झाकण उघडणे यांसारखी दुहेरी कामे अडतात.

दुय्यम परिणाम

हाडे वाढतात, परंतु ताठर स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. परिणामी सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकतो आणि खुब्याचा सांधा हळूहळू निसटू लागतो. दर तीन मुलांमागे सुमारे एका मुलात खुब्याचा सांधा सरकलेला आढळतो आणि न चालणाऱ्या मुलांत हा धोका सर्वाधिक असतो. सुरुवातीला हा बदल वेदनारहित असल्याने ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी करावी लागते. स्वीडनमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या नियमित पाहणीच्या कार्यक्रमामुळे खुबा पूर्णपणे निखळण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले.

कार्यक्षमतेच्या श्रेणी

मूल प्रत्यक्षात काय करू शकते, हे नेमकेपणाने सांगण्यासाठी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली स्थूल हालचालींची पाच स्तरांची श्रेणी प्रसिद्ध केली. पहिल्या स्तरावरील मूल कठड्याचा आधार न घेता जिना चढते व धावते, परंतु वेग व तोल कमी असतो. दुसऱ्या स्तरावर कठडा लागतो आणि खडबडीत जमीन किंवा लांबचे अंतर अवघड जाते. तिसऱ्या स्तरावर कुबड्या किंवा वॉकर लागतो. चौथ्या स्तरावर मुख्यतः चाकाच्या खुर्चीचा अवलंब करावा लागतो. पाचव्या स्तरावर मान व धड सावरण्यासाठीही आधार लागतो. हातांच्या वापरासाठी आणि संवादासाठी अशाच पाच स्तरांच्या स्वतंत्र श्रेणी नंतर तयार झाल्या. संवेदनांसाठी मात्र अशी सर्वमान्य व सोपी श्रेणी इतकी रूढ झालेली नाही.

संवेदनांच्या अडचणी

स्पर्श व अंगस्थितीचे भान

त्वचेला स्पर्श झाला हे समजणे आणि त्या स्पर्शाचा अर्थ लावणे या दोन भिन्न क्रिया आहेत. या विकारात पहिली क्रिया बहुधा टिकून राहते. दुसरी अधिक बाधित होते. जवळजवळच्या दोन बिंदूंना झालेले स्पर्श वेगळे ओळखता न येणे, खिशात हात घालून न पाहता नाणे व किल्ली यांतील फरक न कळणे, डोळे मिटल्यावर आपला हात कोणत्या स्थितीत आहे हे सांगता न येणे, ही त्याची उदाहरणे होत. एक बाजू बाधित असलेल्या मुलांत या अडचणी विशेषत्वाने अभ्यासल्या गेल्या आहेत. ‘चांगल्या’ समजल्या जाणाऱ्या हातातही सूक्ष्म संवेदनदोष असू शकतात, असे त्यांतून दिसून आले.

हालचालींचा दोष आणि संवेदनांचा दोष समप्रमाणात असतातच असे नाही. गर्भावस्थेत लवकर इजा झाल्यास, मेंदूकडे संवेदना नेणारे व नंतर वाढणारे तंतू इजाग्रस्त भागाला वळसा घालून योग्य स्थळी पोहोचू शकतात. अशा मुलाचा हात दुर्बल असूनही त्यातील स्पर्शज्ञान चांगले असू शकते. उलट, हालचाल बरी असलेल्या हातात स्पर्शज्ञान तोकडे असू शकते.

दृष्टी

तिरळेपणा व चष्म्याची गरज या मुलांत सामान्य आहे. त्याखेरीज डोळे निरोगी असूनही मेंदूला प्रतिमेचा अर्थ न लागणे, हा मेंदूजन्य दृष्टिदोष महत्त्वाचा आहे. असे मूल रिकाम्या टेबलावरील चेंडू ओळखते, पण खेळण्यांच्या ढिगातील तोच चेंडू त्याला सापडत नाही. शब्दांची गर्दी असलेल्या पानावर त्याची नजर हरवते. दृष्टिक्षेत्राचा खालचा भाग बाधित असल्यास पायरी, उंबरठा किंवा ताटातील जवळचा पदार्थ दिसत नाही. अर्धे दृष्टिक्षेत्र नसल्यास मूल त्या बाजूच्या वस्तूंना धडकते. नेहमीच्या दृष्टितक्त्यावरील तपासणीत हे दोष निसटू शकतात.

श्रवण, समतोल व अतिसंवेदनशीलता

तीव्र कावीळ, अकाली जन्म व जन्मजात संसर्ग यांनंतर श्रवणदोषाची शक्यता वाढते. उच्चार अस्पष्ट असलेल्या मुलाची श्रवणतपासणी राहून गेली, तर न बोलण्याचे खरे कारण कळत नाही.

अंतर्कर्णाकडून येणारे समतोलाचे संदेश, दृष्टी आणि स्नायूंकडून येणारे संदेश यांचा मेळ न बसल्यास मुलाला उचलून घेतले जाण्याची, झोक्याची किंवा मागे झुकण्याची तीव्र भीती वाटते. काही मुले अचानक झालेल्या आवाजाने जोरात दचकतात आणि त्या दचक्यासरशी त्यांचे सर्वांग ताठ होते. कुकरची शिट्टी किंवा फटाका त्यांना आधीच साधलेल्या बसण्याच्या स्थितीतून पाडू शकतो. काहींना तोंडाच्या आतील स्पर्श सहन होत नाही. दात घासताना किंवा घट्ट, दाणेदार अन्न भरवताना त्यांना उमासे येतात. काही मुलांत याउलट संवेदना मंद असते आणि चटका किंवा जखम उशिरा लक्षात येते.

वेदना

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, या विकाराच्या दर चार व्यक्तींपैकी तिघांना वेदना असतात. आखडलेले स्नायू, निसटणारा खुबा, बद्धकोष्ठता, घशाशी येणारे आम्ल व दातदुखी ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. बोलता न येणारे मूल वेदना रडणे, झोप न लागणे, जेवण नाकारणे किंवा वाढलेला ताठरपणा यांतून व्यक्त करते. त्याच आढाव्यानुसार दर तिघांपैकी एकाला चालता येत नाही, चारांपैकी एकाला बोलता येत नाही, चारांपैकी एकाला अपस्मार असतो आणि दोहोंपैकी एकाला बौद्धिक अक्षमता असते. म्हणजेच सुमारे निम्म्या व्यक्तींना बौद्धिक अक्षमता नसते.

हालचाल व संवेदन यांचा परस्परसंबंध

हालचाल शिकण्यासाठी शरीराकडून सतत परतीचे संदेश यावे लागतात. पेला उचलताना तो किती जड आहे, निसटतो आहे का, यांवरून बोटांचा जोर क्षणोक्षणी बदलतो. हे संदेश अपुरे असल्यास मूल वस्तू गरजेपेक्षा जोरात आवळते किंवा ती हातातून सुटते. उलट दिशेनेही परिणाम होतो. रांगणे, वस्तू चाचपणे, तोंडात घालणे, भांडी वाजवणे यांतून बालकाला वजन, पोत, अंतर व आकार यांचे ज्ञान होते; हालचाल मर्यादित असल्यास हा अनुभव कमी मिळतो.

ज्या हाताकडून पुरेसे संदेश मिळत नाहीत तो हात मूल वापरेनासे होते, वापर नसल्याने मेंदूतील त्याचे प्रतिनिधित्व दुबळे राहते आणि तो हात आणखी मागे पडतो. याला ‘विकासात्मक अनुपयोग’ असे म्हणतात. हे चक्र लवकर तोडणे हे उपचारांचे एक महत्त्वाचे उद्दिष्ट असते.

निदान

पूर्वी मूल एक ते दोन वर्षांचे होईपर्यंत वाट पाहण्याचा प्रघात होता. आता धोक्याच्या गटातील बालकांत सहा महिन्यांच्या आतही निदान किंवा प्रबळ संशय नोंदवता येतो. तीन ते पाच महिन्यांच्या वयातील बालकाच्या उत्स्फूर्त हालचालींचे निरीक्षण, प्रमाणित चेतासंस्था तपासणी आणि मेंदूचे एमआरआय चित्रण यांचा त्यासाठी उपयोग होतो. एमआरआय सर्वसाधारण आला, तरी हा विकार नसल्याचे सिद्ध होत नाही.

पालकांच्या लक्षात येऊ शकणारी लक्षणे अशी आहेत: चार महिन्यांनंतरही मान न सावरणे, मुठी सतत आवळलेल्या असणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, अंग फार ताठ किंवा फार ढिले असणे आणि एक वर्षाच्या आत एकाच हाताचा ठळक वापर करणे. शेवटचे लक्षण ‘बाळ डावखुरे आहे’ असे समजून दुर्लक्षिले जाते. निदान झालेल्या प्रत्येक मुलाची दृष्टी, श्रवण, स्पर्शज्ञान व वेदना यांची स्वतंत्र तपासणी होणे आवश्यक मानले जाते.

उपचार व व्यवस्थापन

मेंदूतील मूळ इजा भरून काढणारा उपचार उपलब्ध नाही. मुलाची कार्यक्षमता, आराम व सहभाग वाढवणे हे उपचारांचे उद्दिष्ट असते. भौतिकोपचार, व्यवसायोपचार व वाचोपचार यांचा त्यात प्रमुख वाटा असतो. मुलाला स्वतःला साधायचे असलेले काम, उदाहरणार्थ सदऱ्याची बटणे लावणे, निवडून त्याचाच प्रत्यक्ष सराव करणे अधिक परिणामकारक ठरते. एक बाजू बाधित असल्यास चांगला हात ठरावीक काळ बांधून ठेवून दुर्बल हाताचा सराव करवणे आणि दोन्ही हातांचा एकत्रित सराव या पद्धतींना चांगला आधार मिळाला आहे.

ताठरपणा कमी करण्यासाठी बॅक्लोफेनसारखी औषधे, ठरावीक स्नायूंत बोटुलिनम विषाची इंजेक्शने, प्लास्टर व स्प्लिंट यांचा वापर होतो. निवडक मुलांत मज्जारज्जूकडे संवेदना नेणाऱ्या मुळांतील काही तंतू शस्त्रक्रियेने छेदले जातात. हालचालीच्या ताठरपणावर संवेदनतंतू छेदून उपाय होतो, हे या दोहोंच्या घनिष्ठ संबंधाचे द्योतक आहे.

संवेदनांसाठी परिसरातील बदल उपयुक्त ठरतात: एका वेळी एकच वस्तू समोर ठेवणे, ठळक व सुटी अक्षरे, पायऱ्यांच्या कडांना गडद पट्टे, स्पर्श करण्यापूर्वी पूर्वसूचना देणे, पाय टेकतील अशी स्थिर बैठक आणि न पाहता वस्तू ओळखण्याचे खेळ. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात मांडलेली संवेदन-एकात्मीकरण पद्धती भारतात बरीच प्रचलित आहे. मात्र या विकारात तिच्यामुळे हालचाल सुधारते, याला सबळ पुरावा मिळालेला नाही. अधिक दाबाच्या प्राणवायूचा उपचारही चाचण्यांत लाभदायक ठरलेला नाही. अशा खर्चिक उपचारांमागे धावताना मुलाच्या नियमित सरावाचा काळ व कुटुंबाची बचत वाया जाण्याची भीती असते.

प्रतिबंध

अकाली प्रसूतीची चिन्हे असलेल्या मातेला मॅग्नेशियम सल्फेट दिल्याने बालकातील धोका घटतो. आऱ्हेस घटकाच्या विसंगतीवरील इंजेक्शन व काविळीवरील प्रकाशोपचार यांमुळे काविळीतून उद्भवणारा प्रकार पुष्कळ देशांत दुर्मीळ झाला आहे. प्राणवायूच्या अभावानंतर बालकाचे शरीर ७२ तास नियंत्रितपणे थंड ठेवण्याचा उपचार विकसित देशांत उपयुक्त ठरला. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने अपंगत्व वा मृत्यूचा एकत्रित धोका घटला नाही, उलट मृत्यूचे प्रमाण वाढले. एका प्रदेशातील निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू होत नाही, हे त्यातून दिसून आले.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईत १९५५ साली स्थापन झालेली हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही या क्षेत्रातील जुनी शासकीय संस्था आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. शिक्षण व उपचार एकाच छताखाली देण्याचा तो भारतातील आरंभीचा प्रयत्न होता. ही संस्था आता ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांना स्वतःला हा विकार असून, त्यांचे ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन प्रसिद्ध आहे.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये या विकाराचा समावेश असून, त्याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हा विकार चलनविषयक दिव्यांगत्वात गणला जातो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना जवळच्या किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ अशा सवलतीही मिळतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि विकासात्मक विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

प्रमाणपत्र देताना मुख्यतः हालचालींची मर्यादा मोजली जाते. त्यामुळे चालता येणाऱ्या, परंतु फळ्यावरील ओळ न सापडणाऱ्या किंवा हातातील पेन्सिलची जाणीव न होणाऱ्या मुलाची अडचण कागदावर कमी भरते. अशा मुलाची वही अपुरी राहते, ती अभ्यासाच्या अभावामुळे नव्हे. ही बाब शिक्षकांना ज्ञात असणे त्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

जागतिक सेरेब्रल पाल्सी दिन दरवर्षी ६ ऑक्टोबरला पाळला जातो.